टीबीची औषधं फुकट मिळतात, मग रुग्णाला वर महिन्याला हजार रुपये कशासाठी?

तुमचा प्रश्न असा, की गोळ्या सरकार देतंच, मग निक्षय पोषण योजनेतून टीबीच्या रुग्णाला खुराकासाठी मिळणारे हे पैसे म्हणजे खिरापत नाही का, आणि यामागे काही अभ्यास तरी आहे का. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात क्षयरोग कार्यक्रमात उपचार पर्यवेक्षक आहे. हा प्रश्न मला टपरीवरही विचारतात आणि ग्रामपंचायतीतही. अभ्यास आहे, आणि तो सरकारी पैशातूनच झालेला आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं म्हणजे आयसीएमआरनं झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत 'रॅशन्स' नावाची चाचणी केली. ऑगस्ट 2019 पासून फुप्फुसाच्या टीबीचे 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरातली 10,345 माणसं त्यात घेतली. रुग्णाला दर महिन्याला तांदूळ, सत्तूचं पीठ, दूध पावडर, तेल मिळून दहा किलोचा शिधा आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. हे सगळ्याच रुग्णांना. कारण अर्धपोटी माणसाला तुलनेसाठी उपाशी ठेवणं कुठल्या तोंडानं करणार? फरक केला तो घरच्यांत. अर्ध्या गटातल्या कुटुंबांना माणशी तांदूळ आणि तूरडाळ मिळाली, उरलेल्यांचं नेहमीसारखं चाललं. निकाल 2023 मध्ये आले: शिधा मिळालेल्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी, आणि संसर्ग पसरवणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीचं 48 टक्क्यांनी. लस नाही, नवं औषध नाही, डाळ-तांदूळ.

यात जादू काही नाही. टीबीचा जंतू आपल्याकडे कित्येकांच्या अंगात झोपलेला असतो. अंगात ताकद असेल तर तो आयुष्यभर झोपूनच राहतो, कुपोषण झालं की डोकं वर काढतो.

रुग्णांबद्दलचा आकडाही बोलका आहे. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसाला हे म्हणजे फक्त दोन किलो. अर्थात ज्याचा आजार मुळात हलका, त्याचं वजनही लवकर वाढणार, म्हणून या आकड्यावर मी फार उड्या मारत नाही. घरच्यांचा निकाल मात्र पक्का, कारण कुठल्या गटाला शिधा द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं.

गंमत अशी, की खुराकाला मागच्या बाकावर बसवलं तेही संशोधनानंच. 1956 पासून मद्रासमध्ये सॅनेटोरियममधले, म्हणजे टीबीच्या खास इस्पितळात ठेवलेले रुग्ण आणि झोपडपट्टीत घरी राहून गोळ्या घेणारे रुग्ण यांची तुलना झाली. घरी खाणं निकृष्ट असूनही दोघं जवळपास सारखेच बरे झाले. त्यामुळे सॅनेटोरियमची गरज संपली आणि लाखो गरिबांना घरच्या घरी उपचार मिळाले. फार मोठं काम ते. पण त्यातून 'गोळ्या पुरेत, खाणं दुय्यम' हा समज जो बसला तो कित्येक वर्षं हलला नाही.

आता पैशाकडे येऊ. निक्षय पोषण योजना एप्रिल 2018 मध्ये सुरू झाली तेव्हा महिन्याला 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. तीन हजार निदान झाल्यावर आणि तीन हजार 84 दिवसांनी, थेट बँक खात्यात. आता एका घरात काय होतं बघा. उसतोडीहून आलेली बाई, वजन चौतीस किलो. गोळ्या सुरू झाल्या, आजार ओसरला की भूक अशी खवळते की विचारू नका. ती मला म्हणते, "दादा, गोळ्या गरम पडतात, बंद करू का?" विचारल्यावर कळतं की सकाळी पोटात फक्त कोरा चहा. पैसे आलेत, पण खातं नवऱ्याचं. त्यातून किराण्याची उधारी फिटली. अंडी आणलीच तर आधी पोरांच्या ताटात, मग सासऱ्याच्या. तिला मी काय रागावणार? पाच जणांच्या चुलीवर एकट्या रुग्णाचा खुराक शिजत नाही.

म्हणून खिरापत म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहेच, पण योजनेशीही आहे. झारखंडनं दाखवलं की खाणं अख्ख्या घराला द्या, आणि धान्य-डाळीच्या रूपात द्या. आपण उचललं ते एका माणसाचे पैसे. 2024 मध्ये केंद्रानं निक्षय मित्रांकडून मिळणारी पोषण टोपली घरच्यांनाही देण्याची घोषणा केली, दिशा बरोबर आहे. पण निक्षय मित्र म्हणजे स्वेच्छेनं पुढे येणारे लोक, कंपन्या, संस्था. कारखानदारीच्या पट्ट्यात ते सापडतात. ज्या गावात सगळेच हातावर पोट असलेले, तिथे मित्र कुठून आणायचा?

तुमच्या ओळखीत कुणी रुग्ण असेल तर निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद झाली का आणि खातं त्याच्याच नावाचं आहे का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. खाजगी डॉक्टरकडे उपचार असले तरी नोंद करता येते आणि पैसेही मिळतात. आणि घरातल्या बाकीच्यांची तपासणी करून घ्या, प्रतिबंधक गोळ्यांचंही तिथेच विचारा.