आधी शकावली मांड

चि. मुली,

परवा तू गेल्यावर तुझं तिसरं प्रकरण पुन्हा काढून बसलो. मथळ्यातला ‘वादग्रस्त सेनानी’ मधला पहिला शब्द मी पेन्सिलीने खोडला आहे. रागावू नकोस. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, तेव्हा एवढं पक्कं कळलंय की ज्याला निर्णय घ्यायचा नसतो तो ‘वादग्रस्त’ लिहितो. तुला निर्णय घ्यायचा आहे. तसं नसतं तर उंबऱ्यात चपला घालता घालता तू थांबली नसतीस.

काय विचारलंस? “सर, हा अमेरिकन सेनापती जेम्स विल्किन्सन तीन वेळा लष्करी चौकशीला उभा राहिला आणि तिन्ही वेळा सुटला. वॉशिंग्टनपासून मॅडिसनपर्यंत चार राष्ट्राध्यक्षांनी त्याला पदावर ठेवलं. मग दोनशे वर्षांनी त्याला स्पेनला फितूर म्हणणारी मी कोण?” वर तुझे मार्गदर्शक म्हणतात, भूमिका घेऊ नकोस, दोन्ही बाजू मांड. तेव्हा मी नुसता ‘बघू’ म्हणालो. उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते सांगायचं तर स्वतःचंही एक प्रकरण उघडावं लागणार होतं. आज ते करतो.

तू कोणी नाहीस. मीही नाही. तारीख बोलते. म्हणून कसलंही मत बनवायच्या आधी शकावली, म्हणजे तारीखवार नोंदींची यादी, मांड.

जेधे शकावली तुला शिकवली तेव्हा तू पहिल्या बाकावर होतीस. बखरींनी सगळ्यांच्या मनात शिवजन्माचं वर्ष १६२७ पक्कं बसवलं होतं. कारीच्या जेध्यांच्या घरातल्या त्या कोरड्या टिपणातली एक ओळ, शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, पुढे आली आणि जन्म १६३० वर आला. त्या ओळीत विशेषण नाही, गौरव नाही, फक्त तिथी आहे. आपल्याकडे ही रीत असताना अमेरिकेचा इतिहास लिहिताना ती विसरायचं काय कारण?

फुलस्केपचा ताव आडवा धर आणि तीन रकाने आख. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात त्याने काय केलं किंवा लिहिलं, तिसऱ्यात पैसा. तुझ्या प्रकरणात पैसा शेवटच्या चार पानांत ‘आरोप’ या मथळ्याखाली वेगळा बसवलाय. तिथेच घोळ झाला. पैसा कृतीच्या शेजारी ठेव.

पहिल्या काही ओळी भराभर होतील. १७ ऑक्टोबर १७७७ ला साराटोगाला ब्रिटिशांनी शस्त्रं ठेवली. ही बातमी यॉर्कला बसलेल्या काँग्रेसकडे न्यायचं काम अमेरिकन सेनापती गेट्सने विल्किन्सनला दिलं. वाटेत रेडिंगला मुक्काम करून, दारूच्या भरात वॉशिंग्टनविरुद्धच्या कुजबुजीची गोष्ट तो बोलून गेला. तो रमतगमत यॉर्कला पोचला तेव्हा महिना संपत आला होता, आणि सहा नोव्हेंबरला काँग्रेसने त्याला मानद ब्रिगेडियर केलं. वय वीस. या ओळीवर थोडं थांब. नुसता निरोप पोचवून मिळालेलं पद माणसाला काय शिकवतं, याचा विचार कर. पुढे सैन्याच्या कपड्यांचं खातं त्याच्याकडे आलं, हिशेबात घोटाळे निघाले आणि १७८१ ला त्याने ते सोडलं.

आता १७८७ वर ये. मला तुझा राग आला तो इथे. तू लिहिलंस, ‘याच वर्षी त्याने देशद्रोहाचा पाया घातला.’ कशावरून? स्पेनने १७८४ ला अमेरिकनांसाठी मिसिसिपीचं मुख बंद केलं होतं. केंटकी हे तेव्हा राज्यसुद्धा नव्हतं, व्हर्जिनियाचा मागचा परसू होता. तिथल्या शेतकऱ्याची तंबाखू डोंगर ओलांडून पूर्वेला नेणं परवडत नव्हतं आणि नदी बंद होती. विल्किन्सन तेव्हा लष्करात नव्हता, व्यापारी होता. नावेत माल भरून तो न्यू ऑर्लिन्सला गेला, तिथला स्पॅनिश गव्हर्नर मिरो याला भेटला आणि २२ ऑगस्टला स्पेनच्या राजाशी निष्ठेचं पत्र लिहून दिलं. शेजारी दुसरी तारीख मांड: फिलाडेल्फियात अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या १७ सप्टेंबर १७८७ ला. म्हणजे ज्या संघराज्याशी द्रोह केला असं तू म्हणतेस, त्याची घटना त्या दिवशी कच्च्या मसुद्यात होती. त्याचं पत्र चांगलं होतं असं मी म्हणत नाही. पण त्या वर्षी पश्चिमेकडे असा विचार करणारे बरेच जण होते. शकावली आरोपीलाही न्याय देते. ही तिची ताकद आहे, तिला घाबरू नकोस.

पण पुढची ओळ १७९१ अखेरची आहे. तो पुन्हा सैन्यात येतो, लेफ्टनंट कर्नल होतो आणि दुसऱ्या वर्षी ब्रिगेडियर. आणि त्याच काळात स्पेनकडून वर्षाला २००० डॉलर वेतनही घेतो. द्रोहाची रेघ इथे आहे, १७८७ ला नाही. १७९४ मध्ये सरसेनापती अँथनी वेनच्या हाताखाली तो दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी असताना ओवेन नावाचा निरोप्या ६००० स्पॅनिश डॉलर चांदी घेऊन ओहायो नदीने वर निघाला. खलाश्यांनीच त्याचा खून केला. पकडलेले खलाशी विल्किन्सनकडे आले तेव्हा त्याने त्यांची रवानगी स्पॅनिश हद्दीकडे केली. का, ते तिसरा रकाना सांगतो. नंतरची रक्कम साखर आणि कॉफीच्या पिंपांतून आली. वेनला वास लागला होता, तो पुरावे जमवत होता. १५ डिसेंबर १७९६ ला वेन वारला आणि अमेरिकन सैन्यातला सर्वांत ज्येष्ठ अधिकारी झाला तो विल्किन्सन.

२० डिसेंबर १८०३. न्यू ऑर्लिन्सला लुइझियानाचा ताबा अमेरिकेकडे येतो आणि तो स्वीकारणाऱ्या दोघांपैकी एक विल्किन्सन. त्याच्या खालची ओळ १८०४ च्या वसंताची. तो स्पॅनिश अधिकारी फॉल्चकडे थकलेल्या वेतनाचे २०,००० डॉलर मागतो, त्याला १२,००० मिळतात. बदल्यात तो अमेरिकेच्या विस्ताराला कसं थोपवावं याचा सल्ला लिहून देतो आणि पश्चिमेचा शोध घ्यायला निघणारी लुईस व क्लार्क यांची अमेरिकन मोहीम वाटेत अडवा असंही सुचवतो. मोहीम निघाली मे १८०४ ला. सांता फेहून स्पॅनिश तुकड्या बाहेर पडल्या, त्यांना ती सापडली नाही म्हणून ती माणसं वाचली. हे सगळं तुझ्या प्रकरणात आहे, पण अकरा पानांच्या अंतराने. एका पानावर आलं की विशेषणाची गरजच उरत नाही.

१८०६ साठी मात्र वेगळा ताव घे. आठ ऑक्टोबरला नॅकिटोशच्या छावणीत ॲरन बरचं सांकेतिक पत्र विल्किन्सनच्या हाती पडतं. बर म्हणजे माजी उपराष्ट्राध्यक्ष, स्पेनच्या मुलखावर चालून जायच्या बेतात असलेला. जेफर्सनला इशारा लिहिला जातो एकवीस ऑक्टोबरला. मधले तेरा दिवस काय? बरच्या बाजूने जायचं की त्याला विकायचं? आणि नंतर तोच माणूस मेक्सिकोच्या व्हाइसरॉयकडे, तुमचा मुलूख मी वाचवला, मोबदला द्या, अशी मागणी पाठवतो. व्हाइसरॉयने दिला नाही. बरवर रिचमंडला चाललेल्या खटल्यात कळलं की पत्रातल्या स्वतःला अडचणीच्या जागा त्याने बदलल्या होत्या. आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीत सात विरुद्ध नऊ मतांनी तो आरोपातून निसटला.

आता तुझा प्रश्न: तो सुटला का? कारण तिसरा रकाना न्यायालयापुढे नव्हता. ते कागद स्पेनकडे होते, हवानाला गेले, पुढे सेव्हिलला. १८११ च्या नाताळच्या दिवशी लष्करी न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं, आणि फेब्रुवारी १८१२ ला मॅडिसनने तो निकाल खेद नोंदवून मान्य केला. ‘खेदाने’ हा राष्ट्राध्यक्षाचा शब्द तू वगळलास. १८१६ ला त्याने तीन जाड खंडांत स्वतःची बाजू लिहिली आणि १८२५ ला मेक्सिको सिटीत तो वारला. लुइझियानाचा इतिहासकार चार्ल्स गायारे याने स्पॅनिश कागद छापायला घेतले ते त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी. तेव्हा निर्दोष सुटला याचा अर्थ एवढाच की निकालाची तारीख कागदांच्या तारखेआधीची आहे.

आणि टेर ओ बफच्या विल्किन्सनच्या छावणीला तू एकच परिच्छेद दिलास. १८०९ चा उन्हाळा, न्यू ऑर्लिन्सच्या खालच्या अंगाला नदीच्या पातळीपेक्षा सखल, पाण्याने भरलेली जमीन, कुजलेलं अन्न, ताप, आमांश. वर नॅचेझकडे हलवा असा युद्धमंत्र्याचा हुकूम निघूनही छावणी तिथेच. दोन हजारांच्या आसपास माणसं, त्यांतली जवळपास निम्मी मेली किंवा पळून गेली. शत्रूची एक गोळी न लागता. त्या सैनिकांची बाजू कोण मांडणार? ‘दोन्ही बाजू’ म्हणताना ही तिसरी बाजू कुणाच्या लक्षात येत नाही.

आता माझं. मी तरुण होतो तेव्हा एका संस्थेचा सुवर्णमहोत्सवी इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या दप्तरात दोन कागद सापडले. पहिल्यात गावकऱ्यांनी वसतिगृहासाठी दिलेल्या जमिनीचं बक्षीसपत्र. दुसऱ्यात तीच जमीन सात महिन्यांनी एका पदाधिकाऱ्याच्या नातलगाच्या नावे भाडेपट्ट्याने. मी दोन्हींच्या तारखा वहीत उतरवल्या. पुस्तकात पहिलीच छापली. वसतिगृह झालं नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, का झालं नाही हे मला ठाऊक होतं.

मी नोकरीत कायम नव्हतो. घरात धाकटी आजारी होती. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं, आणि लिहिलं असतं तरी जमीन परत येणार नव्हतीच. हे सगळं खरं आहे, आजही मी ते नाकारत नाही. पण ती वही अजून माझ्याकडे आहे, आणि त्याच पानावर तिसरी तारीख मीच नंतर लिहिली आहे: पुस्तक प्रकाशित झाल्यावर चार महिन्यांनी मला कायम केल्याचं पत्र. कुणी मागितलं नव्हतं, मीही काही मागितलं नव्हतं. तारखा मात्र एकाखाली एक आहेत.

त्यानंतर मी शकावल्याच करत राहिलो. सहकारी मला कारकून म्हणायचे, मोठा ग्रंथ लिहिला नाहीस म्हणायचे. ग्रंथाची सुरुवात तीनदा केली. दर वेळी वाटायचं, वाक्य लिहिताना हात पुन्हा कुठेतरी एक तारीख गाळेल. तारखेला तारीख लावत राहिलो त्यात मी चूक केली असं मला वाटत नाही. विद्यापीठात दहा जण आजही माझ्या त्या टिपणांवर उभे आहेत.

तुझे मार्गदर्शक माणूस म्हणून चांगले आहेत, त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांना ताव दाखव. भूमिका घेतलीस असं ते म्हणतील तेव्हा कुठली तारीख खोटी आहे तेवढं विचार. आणि १७८७ बद्दलचं तुझं वाक्य आजच काढ, कारण ते त्याच्यावर अन्याय करणारं आहे आणि असं एक वाक्य राहिलं तर बाकीची खरी वाक्यंही लोक वाऱ्यावर सोडतील.

रविवारी ये, पण पूर्ण प्रकरण आणू नकोस. आठ ते एकवीस ऑक्टोबर १८०६ चा तेवढा एकच ताव आण. तिसरा रकाना रिकामा असेल तर रिकामा आण, अंदाजाने भरू नकोस. माझी ती वहीही काढून ठेवतो. ते पान तू बघावंस असं वाटतं.

तुझा,
सर