जर्मनीत राजाश्रय मागणारा मित्र आणि हेरातमधली त्याची माणसं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात तुमच्याबरोबर शिकलेला अफगाण मित्र आता जर्मनीत एमएस संपवत आलाय. परत जाणं शक्य नाही, म्हणून राजाश्रयाचा अर्ज करायचा म्हणतोय. तिकडे अफगाणिस्तानात, हेरात शहरात, आई, एकोणीस वर्षांची बहीण आणि शाळकरी भाऊ. वडील तालिबानच्या आधीच्या राजवटीत सरकारी वकिलांच्या कचेरीत होते. ते वारले, तरी त्यांची चौकशी करत माणसं घरी येतात. हा जेवत नाही, रात्रभर फोन बघतो. आणि तुम्ही विचारताय, "आश्रय मिळाला की घरच्यांना बोलावता येईल ना?"

बहुतेक नाही येणार. हे आधीच सांगते, कारण बाकी सगळं चांगलं ऐकवून हे शेवटी सांगणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत.

मी नऊ वर्षं उत्तर जर्मनीत आहे. वकील नाही. आश्रय मागणाऱ्यांबरोबर कचेऱ्यांत जाऊन बसते, एवढंच. सुरुवात हिंदीमुळे झाली. अफगाण पोरांना सिनेमामुळे किंवा पाकिस्तानात वाढल्यामुळे हिंदी कळते.

तर, इथल्या कायद्यात आश्रय मिळालेल्याचं 'कुटुंब' म्हणजे नवरा किंवा बायको आणि अठराच्या आतली मुलं. सज्ञान मुलाची आई त्यात नाही, बहीण-भाऊ नाहीत. असामान्य हालअपेष्टांसाठी एक अपवाद आहे, पण त्यातून कुणाची आई आलेली मी पाहिलेली नाही. लग्न झालेलं असतं तर निर्वासित दर्जा मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज नोंदवा, म्हणजे पगाराची आणि घराची अट लागत नाही, असं सांगितलं असतं. त्याहून दुय्यम संरक्षण मिळालेल्यांसाठी तर बायकामुलांना आणण्याची सोयही जुलै २०२५ पासून दोन वर्षांसाठी थांबवली आहे.

म्हणून त्याने आईला "सहा महिन्यांत बोलावतो" असं सांगू नये. माझ्या ओळखीच्या एकाने सांगितलं होतं. आईने भरवसा ठेवून भाड्याचं घर सोडलं, भांडीकुंडी विकली आणि व्हिसासाठी सोयीचं म्हणून इराणमध्ये चुलत्याकडे जाऊन राहिली. २०२५ मध्ये इराणने अफगाणांना लाखांनी परत पाठवलं, त्यात तीही परत गेली. आता घर नाही, भांडी नाहीत. मुलाने काही खोटं बोललं नव्हतं, त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

बहिणीचं वेगळं आहे. तिकडे मुलींना सहावीनंतर शाळा नाही आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही बंद. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ ला निकाल दिला की अफगाण बाईला आश्रय द्यायला तिचं बाई असणं आणि राष्ट्रीयत्व एवढं तपासलं तरी पुरे. मोठा निकाल आहे. पण तो युरोपच्या जमिनीवर पाय ठेवलेल्या बाईसाठी. काबूलची जर्मन वकिलात २०२१ पासून बंद आहे, व्हिसासाठी दुसऱ्या देशातली जर्मन वकिलात गाठावी लागते. तिच्यासाठी शोधायचंच असेल तर शिष्यवृत्ती शोधा, कुठल्याही देशातली. तिची वाट भावाच्या फाइलमधून जात नाही.

आता त्याची फाइल. विद्यार्थी म्हणून त्याच्याकडे राहण्याचा परवाना आहे ना? तो सहा महिन्यांहून अधिक मुदतीचा दिलेला असेल आणि अर्ज करताना चालू असेल, तर त्याला निर्वासितांच्या छावणीत जाऊन राहावं लागत नाही. अर्ज लेखी करता येतो, आणि अर्जामुळे परवानाही रद्द होत नाही. बरीच मुलं मुदत संपेपर्यंत थांबतात आणि मग छावणीतल्या खोलीत तिघा अनोळखी माणसांबरोबर झोपतात. पण उलटीही बाजू आहे. एकदा अर्ज केला की तो चालू असेपर्यंत नवा परवाना सहसा मिळत नाही. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठीचा परवाना मिळण्यासारखा असेल, तर आधी वकिलाला विचारावं. पैसे नसतील तर पुष्कळ विद्यापीठांत कायद्याचे विद्यार्थी 'रिफ्यूजी लॉ क्लिनिक' चालवतात, सल्ला फुकट असतो. कारितास आणि डियाकोनी या चर्चच्या सेवासंस्थांकडेही सल्लागार असतात. शिवाय जून २०२६ पासून युरोपीय संघाचे नवे आश्रय-नियम लागू होतात, त्यामुळे मी लिहिलेलं सगळं त्यांच्याकडून ताडून घ्या.

खरा निकाल लागतो तो आश्रयाच्या अर्जावर होणाऱ्या मुलाखतीत. तिथे पोरं घरच्यांच्या काळजीने गप्प बसतात. 'वडिलांचं नाव घेतलं तर तिकडे कळेल.' नाही कळत. मुलाखत बंद खोलीत होते आणि तिथलं तिकडच्या राजवटीला सांगायला कायद्याने मनाई आहे. घरी माणसं कधी आली, काय म्हणाली, भावाला काय विचारलं, हे तर सगळं सांगायलाच हवं. घरच्यांवरचा धोका त्याच्या बाजूचा पुरावा आहे. दरी असो की पश्तो, स्वतःच्या भाषेतच बोलावं, जर्मन चांगली येते म्हणून शायनिंग मारू नये. शेवटी सगळं परत वाचून दाखवतात. तेव्हा सगळेच दमलेले असतात, दुभाष्याला घरी जायचं असतं. तरी एकेक तारीख तपासायची, अफगाण कॅलेंडरमधून उलटवताना हमखास घोळ होतो. मी एकदा 'काका'चा 'मामा' झालेला पाहिला आणि पुढे कोर्टात त्यावर अर्धा तास गेला.

निकाल पिवळ्या लिफाफ्यात येतो. लिफाफा फेकायचा नाही! पोस्टमनने त्यावर लिहिलेल्या तारखेपासून अपिलाची मुदत मोजतात, दोन आठवडे, काही प्रकारांत एकच.

बाहेर मात्र उलट वागायचं. फेसबुकवर काही नाही, निदर्शनांतले फोटो नाहीत. पासपोर्ट संपला म्हणून अफगाण वकिलातीत फोन करण्याआधी वकिलाला विचारायचं. २०२५ मध्ये जर्मनीने तालिबानच्या दोन प्रतिनिधींना इथल्या अफगाण वकिलातींत कामाला येऊ दिलंय. घरच्यांनी वडिलांची कागदपत्रं, तझकिरा (अफगाण ओळखपत्र) वगैरेंचे फोटो पाठवले की त्यांच्या फोनवरून लगेच पुसायचे. तिकडे नाक्यावर फोन उघडून बघतात.

आणि रात्रभर फोन बघणं. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस तालिबानने अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद केलं, जवळजवळ दोन दिवस. त्या दोन दिवसांत माझ्या ओळखीची तीन मुलं कामावर गेली नाहीत. त्यांतल्या एकाने नंतर आईशी ठरवून टाकलं: रोज एकदा, तिकडच्या रात्री नऊला, तिच्याकडून एक शब्द. 'जेवलो' एवढाच. तो आला नाही तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानदाराला फोन, तोवर घाबरायचं नाही. साधं आहे, पण तो झोपायला लागला. घरी पैसे पाठवायचे तर नोंदणीकृत कंपनीकडूनच, हवाल्याने नको. जर्मनीत परवान्याशिवाय हवाला गुन्हा आहे आणि फाइलला डाग लागतो.

मी मूळची कोल्हापूरची. आमच्या शेजारी वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, सैबेरियातून सुटून आलेली. लहानपणी आजी म्हणायची, त्या बायका पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायच्या. मला तेव्हा त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नव्हतं.

तुम्ही पुण्यातून काय करू शकता? "केसचं काय झालं?" हे विचारणं बंद करा. ते त्याला दिवसातून पाच जण विचारत असतील. कॉलेजच्या गप्पा मारा, शिव्या द्या, पूर्वी जे काय करत होतात ते. फक्त आज एकदा त्याचा परवाना किती तारखेला संपतोय ते विचारून घ्या आणि इथे लिहा, मग कोणत्या शहरात कुणाकडे जायचं ते सांगते.