रुबल-टेंगे दराचा आलेख: खऱ्या पायऱ्या आणि खोटी उडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका रशियन रुबलला किती कझाक टेंगे, याचा १९९३ पासूनचा आलेख काढला, तर १ जानेवारी १९९८ ला रेघ एकदम हजारपट वर उडते आणि पुढे २००९, २०१४, २०१५ मध्ये उभ्या पायऱ्या दिसतात. आकडे चुकलेत का?

उडी खोटी आहे, पायऱ्या खऱ्या आहेत.

उडीचं कारण सोपं. त्या दिवशी रशियाने तीन शून्यं काढली आणि १,००० जुन्या रुबलचा १ नवा रुबल झाला. जुन्या रुबलचं चलन-चिन्ह आरयूआर (अंकी संकेत ८१०), नव्याचं आरयूबी (६४३). पण चिन्हावर विसंबू नका, नंतरच्या कित्येक फायलींत जुनंच चिन्ह चालू राहिलेलं सापडतं. तारीख बघा आणि ३१ डिसेंबर १९९७ पर्यंतचा प्रत्येक ‘एका रुबलला टेंगे’ हा आकडा १,००० ने गुणा. मालिका उलटी असेल, म्हणजे एका टेंगेला किती रुबल अशी, तर भागा. टेंगेच्या बाजूने काहीच करायचं नाही, त्यातली शून्यं कधी काढली गेली नाहीत.

मालिकेच्या सुरुवातीलाही एक खड्डा आहे. टेंगे १५ नोव्हेंबर १९९३ ला आला तो ५०० रुबलला १ टेंगे या हिशेबाने, आणि बरेच जण हाच पहिला विनिमय दर म्हणून टाकतात. तो बाजारदर नव्हता. ते ५०० रुबल कझाकस्तानात उरलेल्या जुन्या नोटांचे, आणि त्याच नोटा रशियाने जुलै १९९३ मध्ये आपल्याकडे बाद केल्या होत्या. त्या सुमारास डॉलर मॉस्कोत साधारण १,२०० रुबलला होता, तर टेंगे निघाला डॉलरला ४.७ च्या आसपास. भागाकार केलात तर एका टेंगेला २५० च्या जवळपास रुबल येतात, ५०० नाही. पहिला बिंदू डॉलरवरूनच काढा.

आता पायऱ्या. या जोडीकडे एकच रेघ म्हणून पाहिलं की काही उलगडत नाही. डॉलर-रुबल आणि डॉलर-टेंगे अशा दोन रेघा एकाखाली एक काढा, लॉग मापावर (म्हणजे सारख्या टक्क्यांचा बदल सारख्याच उंचीचा दिसेल). मग दिसतं की आधी रुबल पडतो, टेंगे धरून ठेवलेला असतो आणि काही महिन्यांनी तोही सोडला जातो. पायरी पडते ती त्या दिवशी.

पहिली खेप १९९८-९९ ची. ऑगस्ट १९९८ च्या रशियन दिवाळखोरीआधी डॉलर ६.३ रुबलच्या आसपास होता, वर्षअखेर २० च्या वर गेला. टेंगे मात्र ८४ च्या आत राहिला. म्हणजे रुबल बारा-साडेबारा टेंगेवरून चारवर आला. एप्रिल १९९९ मध्ये टेंगे तरता केला, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोडला, आणि वर्षअखेर डॉलर १३८ ला पोचला. दुसरी खेप: २००८ च्या अखेरीपासून रशियाने रुबल हळूहळू खाली येऊ दिला, आणि ४ फेब्रुवारी २००९ ला कझाकस्तानने डॉलर १२० वरून १५० टेंगेवर नेला. ११ फेब्रुवारी २०१४ ला पुन्हा तेच, १५५ वरून १८५.

सगळ्यात शिकण्यासारखी खेप त्यानंतरची. नोव्हेंबर २०१४ मध्ये रशियाने रुबलचा पट्टा, म्हणजे दर ज्या मर्यादेत राखला जाई ती मर्यादा, सोडला. १६ डिसेंबरला व्याजदर १०.५ वरून १७ टक्के करूनही बाजारात डॉलर काही वेळ ८० रुबलला गेला. टेंगे १८२ वर स्थिर, म्हणजे त्या क्षणी रुबल जेमतेम २.३ टेंगे. साडेसात हजार किलोमीटरहून लांब सीमा आणि मध्ये जकात नाही, तेव्हा कझाक गिऱ्हाईक गाड्या घ्यायला थेट रशियात जाऊ लागलं आणि तिथल्या स्वस्त मालापुढे कझाक उत्पादक टिकेनात. त्यात तेलही उतरलेलं. अखेर २० ऑगस्ट २०१५ ला टेंगे मोकळा सोडला: एका दिवसात १८८ वरून २५५. त्या वर्षाची सरासरी घेतलीत तर हे सगळं बुजून जाईल, म्हणून दैनिक नाहीतर महिनाअखेरचेच आकडे घ्या.

२०१५ नंतर अशा पायऱ्या नाहीत, दोन्ही चलनं रोज हलतात. २०२२ ची उसळी रुबलकडून आली: मार्चमध्ये अधिकृत दर डॉलरला १२० रुबल, जूनअखेर ५१. आयात आटलेली, भांडवल बाहेर न्यायला निर्बंध. रुबल त्यामुळे चार टेंगेवरून नऊच्या आसपास गेला. हा आकडा चूक समजून खोडू नका.

दोन बारीक घोळ उरतात. रशियाची मध्यवर्ती बँक १०० टेंगेचा भाव रुबलमध्ये देते, तर कझाकस्तानची राष्ट्रीय बँक १ रुबलचा भाव टेंगेमध्ये. शिवाय मॉस्कोत आज ठरलेला दर उद्यापासून लागू होतो. दोन बँकांचे आकडे एकाच स्तंभात मिसळलेत, तर डिसेंबर २०१४ सारख्या आठवड्यात एका दिवसाच्या फरकानेही मोठा खोटा दात उमटतो. पूर्ण मालिका एकाच बँकेची घ्या.

दुरुस्तीनंतर वर्षअखेरचे दर पडताळा, एका नव्या रुबलला: १९९७ साठी सुमारे १२.७ टेंगे, १९९८ साठी ४.१, १९९९ साठी ५.१, २०१५ साठी ४.७. १९९७ ला ०.०१२७ दिसलं, तर शून्यांची दुरुस्ती अजून बाकी आहे.