शातो म्युझारची रेड वाइन सात वर्षांनी का विकतात?

मुरवण्यासाठी. लेबनॉनमधली ही होशार कुटुंबाची वायनरी १९३० पासूनची. काबर्ने सोव्हिन्यों, कारिन्यान आणि सँसो ही द्राक्षं सिमेंटच्या टाक्यांत वेगवेगळी आंबवतात, मग वर्षभर फ्रेंच ओकच्या पिंपात ठेवतात. तिघांचं मिश्रण करून बाटल्या भरल्या, की त्या तळघरात पडून राहतात.

द्राक्षं येतात बेका खोऱ्यातून, सुमारे १,००० मीटर उंचीवरून. वायनरी मात्र डोंगरापलीकडे गझीरला. यादवी युद्धातही सर्ज होशार यांनी ट्रक भरभरून द्राक्षं आणली, फक्त १९७६ ची वाइन होऊ शकली नाही. या चिकाटीला तोड नाही!

जुन्या बाटलीत गाळ असतो. आदल्या दिवशी उभी ठेवा, अलगद ओता.