पुटीमध्ये बॅकस्पेस दाबलं की ^एच उमटतं आणि टर्मिनल मधेच गोठतं. कीबोर्ड बदलू का?

तुम्ही घरून पुटीने (दूरच्या सर्व्हरशी जोडून देणारा प्रोग्रॅम) ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर जाता. बॅशच्या (सर्व्हरवर कमांड घेणारा प्रोग्रॅम) प्रॉम्प्टवर सगळं सुरळीत, पण एसक्यूएलप्लसमध्ये (ओरॅकल डेटाबेसला क्वेरी देण्याचा प्रोग्रॅम) शिरलं की बॅकस्पेसला ^एच आणि वरच्या बाणाला ^[[ए उमटतं. तेवढ्यासाठी नवा कीबोर्ड आणायला पुण्याची तपकीर गल्ली गाठू नका. प्रॉम्प्टवर तीच बटणं नीट चालतात म्हणजे कीबोर्ड ठणठणीत आहे.

बॅकस्पेससाठी टर्मिनल दोनपैकी एक कोड पाठवतं: ८ किंवा १२७. आठ म्हणजेच ^एच. बॅश दोन्ही चालवून घेतं, म्हणून तिथे काही जाणवत नाही. एसक्यूएलप्लस मात्र ओळ खोडायचं काम सर्व्हरच्या टीटीवायवर (टर्मिनल सांभाळणारा सिस्टीमचा भाग) सोडतं, आणि टीटीवाय खोडायचा म्हणून एकच कोड ओळखतो, बहुधा १२७. खात्री करायची तर प्रॉम्प्टवर नुसतं कॅट (टाइप केलेलं परत दाखवणारी कमांड) चालवा, दोन अक्षरं टाइप करा आणि बॅकस्पेस दाबा. तिथेही ^एच आलं तर तुमची पुटी आठ पाठवतेय. पुटीत मुळात १२७च असतो. सहकाऱ्याकडून सेव्ह केलेलं सेशन उचललं असेल तर त्यातून आठ आला असणार. सेटिंगमध्ये टर्मिनल, त्याखाली कीबोर्ड, तिथे कंट्रोल-प्रश्नचिन्ह (१२७) निवडा आणि सेशन सेव्ह करायला विसरू नका. नाहीतर उद्या पुन्हा तेच.

बाणांचं दुखणं वेगळं. बाण दाबला की एस्केपपासून सुरू होणारी तीन अक्षरांची मालिका जाते. बॅशमध्ये रीडलाइन (टाइप होणारी ओळ सांभाळणारी लायब्ररी) तिचा अर्थ लावते. एसक्यूएलप्लसकडे लिनक्सवर रीडलाइन नाही, म्हणून ती जशीच्या तशी दिसते. पुटीत कितीही खुडबुड केलीत तरी हे जाणार नाही. ॲडमिनला गोड बोलून सर्व्हरवर आरएलरॅप (दुसऱ्या प्रोग्रॅमला रीडलाइनची सोय देणारा छोटा प्रोग्रॅम) टाकून घ्या आणि एसक्यूएलप्लस त्याच्यामार्फत सुरू करा. बाण चालतील, जुन्या क्वेरीही परत मिळतील. माझ्या मते हे पहिल्याच दिवशी करून घ्यावं.

आता गोठण्याचं. विंडोजच्या सवयीने तुमचा हात कंट्रोल-एसवर जात असणार. टर्मिनलमध्ये त्याचा अर्थ ‘आउटपुट थांबव’ असा आहे, टेलिटाइपच्या, म्हणजे कागदावर छापणाऱ्या जुन्या टर्मिनलांच्या, जमान्यातला वारसा. कंट्रोल-क्यू दाबा, सुटेल. पण गोठलंय म्हणून वैतागून एन्टर बडवू नका. दिसत नसलं तरी टाइप केलेलं वाया जात नाही आणि कंट्रोल-क्यूनंतर धडाधड चालतं. त्यात एखादं डिलीट असेल तर काय होईल ते सांगायला नको. कायमचा उपाय म्हणजे बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचते ती सेटिंगची फाइल) इंग्रजीत एसटीटीवाय, मग जागा सोडून उणे-चिन्ह आणि त्याला जोडून आयएक्सऑन, सगळं लहान लिपीत. ही ओळ फक्त इंटरॲक्टिव्ह सेशनलाच लागू ठेवा, नाहीतर एससीपीने फाइल कॉपी करताना टीटीवाय नसल्याची कुरकुर ऐकावी लागेल.

कधी प्रोग्रॅम मधेच मेला आणि टाइप केलेलं काहीच दिसेना, तर आंधळेपणाने रीसेट लिहून एन्टर दाबा.

आणि इनस्क्रिप्टमध्ये मराठी टाइप करत असाल तर चालू काम थांबवायला कंट्रोल-सी दाबण्याआधी भाषा इंग्रजीवर आणा. सीच्या बटणावर तिथे ‘म’ असतो, आणि काही टर्मिनलांना तो कंट्रोल-सी आहे हे उमगत नाही.