‘आधी फ्लॅट, मग लग्न’

‘मॅडम, पोरगा एकोणतीस पूर्ण करतोय. हिंजवडीला बरी नोकरी आहे. शनिवारी घरी आला आणि लग्नाचा विषय निघाला की ताटावरून उठतो. नेमकं बिनसलंय काय?’

समुपदेशनासाठी आमच्याकडे आलेल्या सांगलीकडच्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पहिल्या भेटीत आईंना एकच काम दिलं: गेल्या सात दिवसांत लग्नावरून मुलाशी कितीदा बोलणं झालं, ते आठवून लिहा. आकडा निघाला ११. त्यातले चार फोन रात्री नवाचे, म्हणजे तो कंपनीच्या बसमधून उतरून डबा उघडत असतानाचे.

दुसरी भेट मुलाची, एकट्याची. आई-वडील शेजारी बसले की या वयाचा मुलगा वर्तमानपत्रातल्यासारखं बोलतो. आधी ठरलेल्या गोष्टी चाचपल्या: झोप, भूक, मित्रांत जाणं-येणं, दोन आठवड्यांहून जास्त मन उडालंय का, कुणी आवडतंय का, मुळात लग्न करायचंय का आणि मुलीशीच करायचंय का. यातलं काही निघालं तर पुढचा रस्ताच बदलतो. उदासी असेल तर मानसोपचारतज्ज्ञ, आणि आवड वेगळी असेल तर काम त्याच्यावर नाही, घरच्यांवर करावं लागतं. इथे तसं काही नव्हतं. तो म्हणाला, ‘आधी फ्लॅट, मग लग्न.’

मग कागद पुढे घेतला. हातात येणारा पगार ६२,००० रुपये. खोलीभाड्याचा वाटा ९,०००, शैक्षणिक कर्जाचा हप्ता ११,०००, घरी १०,०००, जेवणखाण आणि प्रवास १४,०००. उरतात १८,०००. त्याच्या मनातला फ्लॅट ५० लाखांचा. या किमतीला बँक ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, म्हणजे १० लाख पदरचे. त्यावर सुमारे ७ टक्के मुद्रांक शुल्क, ३०,००० नोंदणी. एकूण १३ लाख ८० हजार. महिन्याला १८,००० साठवून हे जमायला सव्वासहा वर्षांहून जास्त लागतात. पुढे ४० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे ३४,७००. शैक्षणिक कर्ज चालू असताना दोन्ही हप्ते मिळून ४५,७००; बँका साधारण पगाराच्या निम्म्यावरच थांबतात. म्हणजे आज अर्ज केला तरी तो मंजूर होणं अवघड.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. चार वर्षं ‘फ्लॅट, फ्लॅट’ म्हणणाऱ्या मुलाने ही बेरीज एकदाही मांडली नव्हती. न मांडण्याचं कारण तिसऱ्या भेटीत निघालं. दोन स्थळांनी ‘पुण्यात स्वतःचं घर आहे का?’ असं विचारून नकार दिला होता. तिसरा नकार नको म्हणून फ्लॅटची ढाल. बेरीज केली असती तर ढाल गेली असती.

जेफ्री आर्नेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००० साली १८ ते २५ या वयाचा वेगळा टप्पा मांडला: धड पोर नाही, धड प्रौढ नाही. आपल्याकडे मात्र पगार सुरू झाला, वेगळी खोली झाली, तरी मोठेपणाचा शिक्का लग्नच मारतं. आणि त्या शिक्क्याआधी आता घराची अट येऊन बसली आहे.

चौथ्या भेटीला वडील आले. एसटीतून निवृत्त. लग्न २४व्या वर्षी. घर बांधलं ५८व्या, फंड आणि ग्रॅच्युइटीतून. मधली ३४ वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत. हे त्यांच्याच तोंडून, मुलासमोर वदवून घेतलं. आम्ही सांगितलं असतं तर वाद झाला असता.

ठरलं ते असं. लग्नाचा विषय फक्त रविवारी सकाळी, वीस मिनिटं. बाकी दिवशी ‘जेवलास का?’ एवढंच. न विचारता बायोडेटा कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही (हे आईंना सर्वांत जड गेलं). घरी पाठवायचे १०,००० दोन वर्षं शैक्षणिक कर्जाकडे वळवायचे. ही बाब वडिलांनीच सुचवली. पेन्शन कमी असली तरी शेताचं थोडं येतं. कर्ज फिटलं की हे पैसे आणि सुटलेला हप्ता मिळून २१,००० बचतीत. फ्लॅटचा विचार लग्नानंतर, दोघांच्या पगारावर.

अशा ठरावांत बहुधा दुसऱ्या आठवड्यात घसरण होते, कारण गप्प राहणं म्हणजे हात झटकणं असं पालकांना वाटू लागतं. आईंचा बुधवारी फोन गेलाच. मुलाने ‘रविवारी’ म्हटलं आणि जेवणावर बोलला. तो ताटावरून उठला नाही, हे आम्ही त्यांना मुद्दाम दाखवून दिलं.

नव्या बायोडेटात त्याने एक ओळ घातली: ‘भाड्याच्या घरात राहतो. शैक्षणिक कर्ज दोन वर्षांत फिटेल.’ वडिलांनी ती दोनदा खोडली. तिसऱ्यांदा आईंनीच ती परत लिहून वधू-वर मंडळात दिली.