डोनर तरुण असली तर गरोदरपणातला धोकाही तरुण बाईइतकाच राहतो का?

तुमचं वय ४२, डॉक्टरांनी डोनर एग, म्हणजे दुसऱ्या बाईचं बीज, सुचवलंय आणि डोनर पंचविशीतली आहे म्हणून घरचे म्हणताहेत की आता काळजी नको. मी ४३व्या वर्षी याच वाटेने गेले. मी डॉक्टर नाही, पण प्रत्येक तपासणीला प्रश्नांची यादी घेऊन जायचे, त्यातून जे कळलं ते सांगते.

घरच्यांचं अर्धं बरोबर आहे. बीज तरुण असल्यामुळे गुणसूत्रांचे दोष आणि त्यातून होणारे गर्भपात कमी. पण बाळ नऊ महिने राहणार तुमच्या पोटात, आणि तुमचं हृदय, मूत्रपिंडं, रक्तवाहिन्या ४२ वर्षांच्याच आहेत. शिवाय डोनर एगचा म्हणून एक वेगळा धोका असतो, जो कमी वयाच्या बाईलाही चुकत नाही. तो म्हणजे प्रीक्लॅम्प्सिया. २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर जातं, बहुतेक वेळा लघवीतून प्रथिनंही जायला लागतात. स्वतःच्या बीजाने केलेल्या आयव्हीएफपेक्षा (शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भपिशवीत सोडणं) डोनर एगमध्ये हे प्रमाण साधारण दुप्पट किंवा त्याहून थोडं जास्त आढळतं.

एरवी बाळाचा निम्मा वारसा आईचाच असतो, शरीराला परका असतो तो बापाकडचा भाग. इथे सगळंच परकं. वार रुजताना गर्भपिशवीतल्या रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात आणि त्याला आईच्या प्रतिकारशक्तीची साथ लागते. ती अर्धवट मिळाली की वारेला रक्त कमी पडतं आणि पुढे आईचं बीपी चढतं. त्यात पाळी बंद ठेवून, गोळ्यांवर अस्तर तयार करून भ्रूण सोडलं तर त्या महिन्यात बीजकोशातून बीज फुटत नाही, आणि बीज फुटल्यावर तिथे जी हार्मोन्स तयार होतात त्यातली रक्तवाहिन्या सैल ठेवणारी काही मिळतच नाहीत. तुमची पाळी नियमित असेल तर नैसर्गिक चक्रात ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण सोडणं, जमेल का, हे आधीच विचारा. मला हे सातव्या महिन्यात कळलं, तेव्हा काय उपयोग!

बाळाचा धोका बराचसा यातूनच येतो: दिवस पूर्ण होण्याआधी बाळंतपण, कमी वजन. जुळं असेल तर हे सगळं आणखी वाढतं, म्हणून एकच भ्रूण सोडायचा आग्रह धरा. 'एकदाच दोन होऊन जातील' हे ऐकायला गोड वाटतं, पण ऐकू नका.

आता माझी चूक. १२ आठवड्यांच्या सोनोग्राफीला फॉर्मवर मी माझी जन्मतारीख लिहिली. शेजारी सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांना आम्ही काही सांगितलेलं नव्हतं. डाऊन सिंड्रोमचा रिपोर्ट 'हाय रिस्क' आला. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी मी एकटीच जाऊन डोनरचं वय २६ सांगितलं, त्यांनी हिशोब पुन्हा केला आणि रिपोर्ट 'लो रिस्क' झाला. हा धोका बीजाच्या वयावर ठरतो: २५व्या वर्षी साधारण १२५० बाळांत एक, चाळिशीला १०० बाळांत एक. बीज गोठवलेलं असेल तर ते काढलं तेव्हाचं वय धरतात. आईच्या रक्तावरून बाळाच्या गुणसूत्रांचे दोष शोधणारी एनआयपीटी तपासणी करणार असाल तर लॅबलाही आधी सांगा, काही पद्धती डोनर एगला चालत नाहीत.

तेव्हा घरी कुणाला सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांपासून लपवू नका. आयव्हीएफ एकीकडे आणि बाळंतपण दुसरीकडे असेल तर हे फार सहज लपतं. माहीत असेल तर ते १६ आठवड्यांच्या आत रोज रात्री कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करायचा विचार करतात, आणि ती वेळेत सुरू झाली तर लवकर होणारा प्रीक्लॅम्प्सिया बराच टळतो. स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नका. रक्तगटाचंही तसंच. नवरा-बायको दोघंही आरएच निगेटिव्ह असले तरी डोनर पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह होऊ शकतं, मग 'अँटी-डी'चं इंजेक्शन (आईच्या शरीरात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं बनू नयेत म्हणून देतात ते) लागणार नाही असं कुणी धरून चालायला नको.

ट्रान्सफरच्या आधी बीपी, साखर, थायरॉईड आणि हृदयाची तपासणी करून घ्या. टर्नर सिंड्रोम (जन्मतः एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं) असलेल्या बायकांना महाधमनी फाटण्याचा धोका असतो, त्यांच्यासाठी ती तपासणी फारच महत्त्वाची.

माझं बीपी ३३व्या आठवड्यात घरच्या मशीनवर १४८/९६ दिसलं. पाय सुजले नव्हते, काही दुखतही नव्हतं, मशीन नसतं तर मी गेलेच नसते. ३६व्या आठवड्यात सिझेरियन झालं, मुलगी २.१ किलोची. चौथ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. जागरणामुळे असेल म्हणून मी गप्प बसले होते. नर्सने पट्टा बांधला तर १५८/१००. बाळंतपणानंतरही सहा आठवडे बीपी उसळू शकतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतेय. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं तर सकाळची वाट पाहू नका.